गंजाचं सोनं

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सासरच्या गावी, शिरड शहापूरला, विहाराच्या कमिटीची बैठक होती. बोलावणं नवऱ्याला, नरसिंगला होतं, मला नव्हतं. पण आरोपीसोबत घरचं कोणीतरी असावं, म्हणून मीही वसमतहून त्याच एसटीत बसले.

आरोप खरा आहे, हीच पंचाईत. दीड वर्षापूर्वी नरसिंगनं विहारापुढच्या पत्र्याच्या मंडपात बुद्धमूर्ती घडवली. सिमेंटची, बसलेली, माणसापेक्षा थोडी मोठी. एरवी हा माणूस नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो. ही एकच गोष्ट त्यानं कोणी न सांगता, मजुरी न घेता केली. वरून सोनेरी रंग दिला. तेव्हा गाव म्हणाला, ऊन पडलं की डोळे दिपतात. आता ऊन पडलं की डोळे मिटावेसे वाटतात. छातीवर हिरवट डाग, गुडघे काळपट, आणि पाय, जिथं येणारा प्रत्येकजण हात लावतो, ते तर भाकरीच्या तव्यासारखे. चेहरा तेवढा सोनेरी राहिलाय, कारण तिथवर कोणाचा हात पोचत नाही.

धम्मानंद काका कमिटीचे अध्यक्ष. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तरी शिट्टी तोंडातच आहे. म्हणाले, "सगळं अनित्य हाय, हे आपल्याला मान्य. पण दीड वर्षात?"

लोक हसले. नरसिंगही हसला. ते मला आवडलं नाही.

मग काकांनी रंगीत पुस्तिका काढली. फायबरची मूर्ती, पाच वर्षांची गॅरंटी. येत्या बुद्ध पौर्णिमेला ती बसवायची आणि जुनी 'सन्मानानं' काढायची. मी विचारलं, सिमेंटची मूर्ती सन्मानानं कशी काढतात? घणानं काढतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा माझं तोंड सुटलं. "रंग मी करून देते. काळा न पडणारा."

"तुमी, सूनबाई? तुमी तं कॉलेजात केमिस्ट्री शिकवता."

"मग?"

"शिकवणारानं करून दाखवलेलं आजवर पाह्यलं न्हाई, म्हणून इचारलं."

पुन्हा हशा. एप्रिलअखेर नमुना दाखवायचा, पटला तर मूर्ती राहील, असं ठरलं. परत येताना नरसिंग खिडकीबाहेर बघत होता. शिरडची हद्द सुटल्यावर म्हणाला, "म्या काही त्या मूर्तीला पुन्हा हात लावणार न्हाई. तुला काय करायचं ते कर."

पाठिंबा म्हणतात तो हा.


१६ फेब्रुवारी

रोग कळला. बाजारातलं 'सोनेरी' म्हणजे पितळेची बारीक भुकटी, आणि पितळेत तांबं आलंच. तांब्याचं सगळ्यांशी जमतं: हाताच्या घामाशी, मेणबत्तीच्या धुराशी, सिमेंटमधल्या खाराशी. आणि ज्याच्याशी जमेल त्याचा रंग ते लावून घेतं. आमच्या तालुक्यातले पुढारी आठवावेत.

तरी तांब्याला एक संधी दिली. नुसत्या तांब्याची भुकटी चार थेंब तेलात मळून तव्यावर मंद आचेवर परतली. आधी पिवळसर झाली, मग नारिंगी, मग लाल, जांभळी, क्षणभर मोरपंखी, आणि शेवटी कोळसा. हवेतला प्राणवायू कणांवर थर चढवतो. थर जसा जाड होतो तसा रंग पालटतो. मजा बघा, रंग म्हणून काही नाहीच, नुसती जाडी आहे. दुसरी मूठ गंधकाच्या क्षाराच्या पाण्यात बुडवली, ती चॉकलेटी झाली. दोन्ही सुंदर. मोर करायचा असता तर आज काम संपलं होतं.

सासूबाई, म्हणजे जनकाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. "माय, ह्यो भाकरीचा तवा हाय का रंगपंचमी?"

"घासून देते."

"घासून काय व्हतंय? आता भाकर खाल्ली की मोरावानी नाचावं लागंल."


२ मार्च

दिशा सापडली. ज्या चंदेरी भुकटीनं पाण्याच्या टाक्या आणि गोदामांचे पत्रे रंगवतात ती घ्यायची. ती अॅल्युमिनियमची असते. तांब्यासारखी काळी-हिरवी पडत नाही. पण बुद्ध चंदेरी केला तर दुरून लोक त्याला टाकी समजतील. म्हणून त्या चंदेरी पापुद्र्यांवर दुसऱ्या कशाचा तरी अगदी पातळ थर चढवायचा. कशाचा? लोखंडाच्या गंजाचा!

कोमट पाण्यात भुकटी घोळत ठेवायची. त्यात एका बाजूनं लोखंडाच्या क्षाराचं पाणी थेंब थेंब, दुसऱ्या बाजूनं अमोनिया थेंब थेंब. गंज तयार होतो आणि घाई केली नाही तर गुमान पापुद्र्यावर जाऊन बसतो. थोडा बसला तर फिकट पिवळा, अजून बसला की सोनं, आणखी लोभ केला की तांबूस. जग गंजानं हैराण आहे आणि मी त्याला पाट मांडून बसवते आहे.

अट एकच: पाणी आंबट होता कामा नये आणि फार खारं, म्हणजे अल्कलीकडे झुकणारंही होता कामा नये. दोन्हींत अॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. शिवाय भुकटी वाळली की आगीपासून लांब. जेवताना घरात सांगून टाकलं, "मागच्या खोलीत ठिणगी पडली तर आपलं छप्पर पार मोंढ्याच्या बाजारात सापडेल." कोणाचं लक्ष होतं म्हणून? सासूबाई लोणच्याची फोड शोधत होत्या, नरसिंग भाकरी कुस्करत होता.


९ मार्च

मूठभर सोनं झालं. माझ्या हातानं. पितळेचा कणही नसलेलं सोनं. खोलीचं दार लावून एकटीच हसले.

नरसिंगला दाखवलं. त्यानं चिमूट घेतली, अंगठ्यावर चोळली, अंगणात उन्हात नेली, तिरपी धरली, सरळ धरली. परत आला, अंगठा डबीच्या काठावर घासून कण न् कण आत पाडला, झाकण लावलं आणि निघून गेला. एक शब्द नाही. मला बघायला आला होता तेव्हा निदान "बरी हाय" म्हणाला होता.

हल्ली त्याच्या खिशात बिडीचा कट्टा दिसत नाही. महाग झाली असेल.

दोष एकच आहे. काचकांडीनं मी कितीही ढवळलं तरी थर सारखा बसत नाही. अर्धी भुकटी सोनेरी, अर्धी चंदेरी, दिसायला पालीची पाठ. तासन्‌तास एकसारखं घोळवत ठेवणारं काहीतरी पाहिजे.


१६ मार्च

वसमतमध्ये मार्चात तासन्‌तास घोळवणारं यंत्र शोधावं लागत नाही, त्याच्या आवाजानं झोप लागत नाही. हळद पॉलिश! शिजवून वाळवलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. एकमेकांवर घासून साल निघते आणि हळद चमकते. आमच्या मागच्याच गल्लीत भीमसिंगचा ड्रम आहे. भुकटी आणि पाणी घट्ट झाकणाच्या बरणीत भरायचं, बरणी गोणपाटात गुंडाळायची आणि हळकुंडांसोबत ड्रममध्ये सोडायची. हळकुंडांच्या गादीवर बरणी लोळत राहील. हे माझ्याआधी कोणाला सुचलं नसेल, यात मला शंका नाही.

भीमसिंगला होती. "मॅडम, माझ्या डरममधी तुमची बरणी? फुटली-बिटली तं?"

"नाही फुटत हो. मी केमिस्ट्री शिकवते."

"ते ठाऊक हाय. म्हणूनच इचारून राहिलो."


१९ मार्च

कॉलेजातले आम्ल-अल्कली तपासायचे रंगीत कागद बारावीच्या प्रात्यक्षिकांत संपले. नवे मागवायला प्राचार्यांची सही लागते आणि सहीला प्राचार्य लागतात. ते कुठल्याशा उद्घाटनाला गेलेत. हरकत नाही. हळदीच्या गावात राहून परदेशी कागदासाठी कोण रडतंय? हळद स्पिरिटमध्ये भिजवली, गाळणीच्या कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. पाणी खारं झालं की पट्टी लालभडक होते. घरगुती, फुकट आणि प्राचार्यविरहित.


२३ मार्च

बरणी फुटली.

सकाळी पट्टी बुडवली होती. पिवळीच राहिली, म्हणजे सगळं ठीक. झाकण आवळलं, भीमसिंगनं बरणी ड्रममध्ये सोडली. मी बाहेर खुर्चीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. एका विद्यार्थ्यानं 'हायड्रोजन हा शांत स्वभावाचा वायू आहे' असं लिहिलं होतं. त्याला शून्य देते न देते तोच आत धडाका झाला. मोंढ्यातली सगळी कबुतरं एकदम आभाळात. ड्रम फिरतच होता आणि त्याच्या प्रत्येक भोकातून सोनेरी-चंदेरी चिखल उडत होता. भीमसिंगनं बटण बंद केलं. त्याच्या मिशा अर्ध्या सोन्याच्या, अर्ध्या चांदीच्या.

"म्या इचारलं व्हतं का न्हाई?" एवढंच म्हणाला.

कोणाला खरचटलंही नाही, लोखंडी ड्रममुळे. पण आतली सगळी हळद बरबटली. आणि माझं नाक कापलं गेलं ते वेगळंच. संध्याकाळपर्यंत गल्लीत मला 'बाँबवाल्या मॅडम' नाव पडलं होतं. नरसिंग कामावरून आला, सगळं ऐकलं, माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि आंघोळीला गेला. लाज वाटली असणार त्याला माझी.


२४ मार्च

आज वेगळाच तमाशा. भीमसिंगनं ती हळकुंडं पुसून वाळत घातली होती. एक व्यापारी आला, एक हळकुंड उन्हात धरून म्हणाला, असा चमकदार माल यंदा मोंढ्यात आलेला नाही, पॉलिश कशाचं?

भीमसिंग धावत माझ्याकडे. "मॅडम, माल खपून राहिला! जाऊ द्या ना, कोणाला काय कळतंय?"

"कोणाच्या तरी वरणात जाईल ना ती."

"चमकतंय वरण. वाईट काय?"

"भीमसिंगभाऊ, ते अॅल्युमिनियम आहे. टाक्या रंगवायचं. तुमच्या नातवाच्या वरणात घालता का?"

मग मी त्याला मान खाली घालायला लावून स्वतः मात्र वर बघत बसले, कारण नुकसान तर माझ्यामुळेच झालं होतं. सोडवलं सासूबाईंनी. त्यांच्या शिरडच्या शेताच्या तुकड्यातली, त्यांनी माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी वेगळी ठेवलेली हळद होती. ती पोती त्यांनी ओढत दारात आणून भीमसिंगपुढे ठेवली. "घे बाप्पा. आमच्या घरात एक मूर्ती करतो, एक मूर्ती वाचवती. मला काय, हळदच वाटायची राहिली व्हती." व्यापाऱ्यासमोर खराब माल आम्ही खड्ड्यात पुरला. तो शेवटपर्यंत म्हणत होता, भाव चांगला देतो.

पुरताना मला वाईट वाटलं नाही. ताठ वाटलं.


३० मार्च

चूक सापडली आणि ती इतकी सोपी आहे की कोणाला सांगायचीही सोय नाही. हळद फक्त खाराला बोलते. पाणी खारं झालं तर लाल होते. आंबट झालं तर तिला काही सांगायचंच नसतं, ती पिवळीच राहते. माझं पाणी आंबट झालं होतं. आत हायड्रोजन फुगत होता आणि माझी पट्टी शांत पिवळी. तिच्या गप्प बसण्याचा मी 'सगळं ठीक' असा अर्थ लावला. हा धडा मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून देते, अधोरेखित करून.

आता कॉलेजच्या कपाटात मागे विसरून राहिलेला निळा लिटमस शोधून काढलाय. तो आंबटाला लाल होतो. एक कागद खाराला बोलणारा, एक आंबटाला. एकाच्या गप्प राहण्यावर पुन्हा विसंबणार नाही. आणि बरणीला झाकण मुळीच नाही, उघडं भांडं.

नरसिंग अजून गप्पच आहे. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र सरळ आहे. त्याला हे सगळं पटलेलं नाही.


१ एप्रिल

आजपासून उकाडा असह्य, आणि बरोब्बर आजच कुलर बंद पडला. नरसिंग म्हणाला, पंप गेला. मोटर चांगली आहे म्हणे. खोलून अंगणात ठेवली आणि वर म्हणाला, "पडून ऱ्हाईल आता, कोणाच्या कामाची तं न्हाई." दुरुस्त करून आण म्हटलं तर म्हणतो, सवड नाही. जयंतीच्या पाट्यांचं काम आहे हे खरं, पण घरात म्हातारी आई आहे याचा तरी विचार?

मोटर रिकामीच पडलेली, म्हणून मी उचलली. नशीब बघा, तिला एक लांब दांडी आणि खाली पाती आधीच जोडलेली होती, अगदी माझ्या भांड्याच्या मापाची. कुलरमध्ये असलं काही असतं हे मला माहीत नव्हतं. हळूहळू फिरते. लावली भांड्यावर. दोन्ही कागद सोबत घेऊन दिवसभर थेंब मोजत बसले. भुकटी ढवळत राहिली, कोपरा न् कोपरा सारखा.

दुपार कलली तेव्हा पाण्यात चंदेरी काही उरलं नव्हतं.


४ एप्रिल

गाळली, स्पिरिटनं धुतली, सावलीत वाळवली, कॉलेजच्या भट्टीत मंद तापवली. पारदर्शक व्हार्निशमध्ये कालवून पत्र्याच्या तुकड्यावर एक हात मारला.

मला विशेषणं वापरायची सवय नाही. वापरली तर टोचण्यासाठीच. म्हणून एवढंच लिहिते: मी तो पत्रा भिंतीला टेकवला आणि चहा गार होईपर्यंत बघत बसले. वसमतच्या एका मागच्या खोलीत, गंजापासून, मी हे केलं. मी.


६ एप्रिल

शिरडला नमुन्याचा पट्टा मारायला गेले. कमिटीनं जागा दिली ती मूर्तीच्या पाठीवर. पुढून मारला तर म्हणे लोकांना आशा लागेल. नरसिंग डबा उचलायला म्हणून आला होता, "हात लावणार न्हाई" हे पुन्हा बजावून.

मी ब्रश घेतला. दोनच फटकारे मारले असतील.

"अगं, अशानं भुकटीचं वाटोळं करशील!"

"मग कशानं करू?"

"एकाच दिशेनं. पापुद्रे निजले पाह्यजेत, पालथे पडले पाह्यजेत सगळे. तू तं भिंत सारवून राहिली." हातातून ब्रश ओढलाच त्यानं. गुडघ्यांवर बसला. एक लांब, सावकाश फटकारा, वरून खाली, श्वास धरून. आणि जे मला भांड्यात दिसलं होतं त्याहून ते दुप्पट उजळलं.

पट्टा पूर्ण होईपर्यंत त्यानं ब्रश परत दिला नाही. माझ्या हातावर त्याचा इतका अविश्वास आहे, हे बघून जरा लागलंच.


१४ एप्रिल

जयंती. आज कॉलेजला सुट्टी. नरसिंगनं रंगवलेल्या पाट्या चौकाचौकात आहेत. मिरवणुकीत भीमसिंग भेटला, म्हणाला, "मॅडम, तुमचे साहेब चहाच्या टपरीवर रोज भाषण देऊन राहिले. काहीतरी गंज, पापुद्रे, थर. आमाला तं पाठ झालं." नरसिंग आणि भाषण? भीमसिंगला माणूस ओळखण्यात चूक झाली असणार. घरात तर त्याच्या तोंडून मीठ मागायलाही शब्द निघत नाही.


२७ एप्रिल

निकाल.

सगळी कमिटी मूर्तीच्या पाठीमागे गोळा झाली. बुद्धाच्या पाठीकडे इतकी गर्दी मी पहिल्यांदा पाहिली. तीन आठवड्यांचं ऊन, धूळ आणि मंडपातल्या मेणबत्त्यांचा धूर खाऊन पट्टा जसाच्या तसा. शेजारी जुनं काळं-हिरवं, मध्ये हे.

धम्मानंद काकांनी खिशातून लिंबू काढलं. कापून घासलं. मग साबण. मग नखानं खरवडलं. मग चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा बघितलं. पट्टा हलला नाही.

"बरं हाय," काका म्हणाले, "पण फायबरवाल्याची लेखी गॅरंटी हाय. तुमची काय?"

मी तोंड उघडायच्या आत सोबत आलेल्या सासूबाई पुढे झाल्या. "धम्मानंदा, तुह्या एसटीनं कधी गॅरंटी देल्ती का रं? तरी बसलोच ना आमी जन्मभर?"

हसण्याच्या आवाजात काकांनी ती रंगीत पुस्तिका घडी घालून खिशात टाकली. हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले, शेवटी काकांचाही. मूर्ती राहणार. घणाचं नाव निघालं नाही.

मग काका नरसिंगकडे वळले. "करशील का मग?"

"मॅडमला इचारा. भुकटी तिची हाय."

एवढ्या माणसांत जबाबदारी माझ्यावर ढकलून मोकळा झाला. पण आज मी कोणावर चिडणार नाही. येताना एसटीत उभं राहावं लागलं आणि तेही चांगलं वाटलं. बसलेल्यांना दिसत तरी होते मी.


११ मे

सुट्टी लागल्यापासून शिरडलाच मुक्काम. मी भांडं, मोटर, दोन्ही कागद घेऊन विहाराच्या ओसरीवर; नरसिंग मंडपात. मी भुकटी करते, तो लावतो. आधी त्यानं जुना रंग सिमेंटपर्यंत खरवडून काढला, सिमेंटचा खार वर येऊ नये म्हणून अस्तराचा एक हात दिला, मग पायांपासून सुरुवात केली. दिवसभर आम्ही फार तर इतकंच बोलतो: "अजून लागंल." "अजून आहे." बायका पाणी भरायला जाताना थांबतात, बघतात. एकीनं विचारलं, यात खरं सोनं किती? मी म्हटलं, मुळीच नाही, गंज आहे. ती नरसिंगकडे बघून म्हणाली, "तुमची बायको सांगत न्हाई बघा." तो म्हणाला, "ती खरंच सांगती. तेच तं अवघड हाय." ही तक्रार होती की काय, कळलं नाही.

आज चेहरा झाला. उन्हं तिरपी होऊन मंडपात आली तेव्हा ओसरीवरची माझी भांडीकुंडी, माझी साडी, सासूबाईंचे पांढरे केस, सगळ्यांवर त्या छातीवरचा उजेड पडला. मी लोकांची फजिती लिहिण्यात हुशार आहे. आनंद लिहायला हात बसलेला नाही. बसवायला पाहिजे.


१२ मे, बुद्ध पौर्णिमा

वंदना झाली, खीर झाली. काकांचं भाषण झालं. त्यात मूर्ती वाचवण्याचा निर्णय कमिटीनं दूरदृष्टीनं घेतल्याचं समजलं. आसपासच्या गावांतून माणसं आली होती. मंडपाबाहेर रांग लागली.

काकांनी नरसिंगला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. "आता एक काम कर. एक पाटी रंगवून दे, मोठ्या अक्षरात. 'मूर्तीस हात लावू नये.' मागच्या खेपेला हातांनीच घात केला."

नरसिंग म्हणाला, "पाटी न्हाई करणार."

"काहून?"

"हात लावायसाठीच तं मूर्ती केली. लावू द्या."

"अन् पुन्हा काळी पडली तं?"

"न्हाई पडत." काकांचा चेहरा बघून तो मोठ्यानं म्हणाला, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं: "हिनं केलेली भुकटी हाय. लावा हात. लेकरांनाबी लावू द्या. काय व्हत न्हाई!"

आणि रांग सुटली. म्हाताऱ्या, बाया, कडेवरची लेकरं, हळद काढून काढून पिवळे झालेले तळहात, मेण लागलेली बोटं, मे महिन्याचा घाम. शेकडो हात त्या पायांवर. नरसिंग खांबाला टेकून बघत होता, हाताची घडी घालून, जणू पैज जिंकलेला.

आणि मला तेव्हा आठवलं. घामात मीठ असतं! लिंबू झालं, साबण झाला, धूर झाला; मिठाची परीक्षा मी घेतलेलीच नाही. वरचं व्हार्निश टिकावं, थरही टिकावा, बहुतेक टिकेल. पण 'बहुतेक' हा शब्द माझ्या तोंडून फुटायच्या आत हा माणूस साऱ्या पंचक्रोशीला शब्द देऊन बसला होता. रंगाऱ्याला एक फळी रंगवायचा आळस, दुसरं काय! अर्ध्या तासाचं काम होतं.

संध्याकाळी वसमतला आल्या आल्या चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेले. वाडग्यात पाणी घेतलं, मूठभर मीठ विरघळवलं आणि नमुन्याचा पत्रा त्यात बुडवून ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "हे काय आता?" मी म्हटलं, "गावाचा घाम."

नरसिंग चहा पीत होता. मी म्हटलं, "अहो, मला न विचारता कशाच्या भरवशावर बोललात?"

त्यानं वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपातला शेवटचा घोट संपवला. पत्रा सोनेरी आहे अजून. उद्या सकाळी बघते, परवा बघते, महिनाभर बघते. कोणीतरी तपासून बघायला नको का? याच्यासारखं नुसतं मोठ्यानं बोलून कसं चालेल?